ताबा, पोटगी आणि पालनहार : घटस्फोटानंतरच्या अपत्याची परिभाषा
(जयपूर व महाराष्ट्र यांच्या संदर्भात)

जयपूर येथील वास्तव्यात पदव्युत्तर वर्गाबरोबर मन्नू भंडारी यांची 'आपका बंटी' ही कादंबरी वाचत असताना एका राजस्थानी विद्यार्थिनीने एक साधा प्रश्न विचारला. घटस्फोटानंतर मूल कोणाकडे राहावे याविषयीच्या न्यायालयीन हक्काला हिंदीत 'अभिरक्षा' म्हणतात. मराठीत काय म्हणतात? 'ताबा' असे मी सांगितले. हा शब्द मराठीत आणखी कोठे वापरतात, असे तिने पुढे विचारले. घराचा ताबा, जमिनीचा ताबा, गाळ्याचा ताबा, अशी उदाहरणे मी देऊ लागलो आणि मध्येच थांबलो. मूल आणि मालमत्ता यांच्यासाठी आपली भाषा एकच शब्द वापरते, ही गोष्ट परभाषक श्रोत्यासमोर उच्चारल्याखेरीज माझ्याही नीट लक्षात आली नव्हती.

प्रस्तुत लेखाचा आरंभ त्या प्रश्नातून झाला. विवाहविच्छेदानंतर अपत्याच्या वाट्याला दोन गोष्टी येतात. एक, त्याच्यावर कोणाचा अधिकार चालावा. दुसरी, त्याचे पोषण कोणी करावे. पहिलीला आपण ताबा म्हणतो, दुसरीला पोटगी. या दोन्ही गोष्टी एकाच मुलाविषयी असल्या, तरी रूढीत आणि कायद्यातही त्यांचा प्रवास वेगवेगळ्या वाटांनी झाला आहे. अधिकाराच्या बाबतीत माता-पित्यांचा क्रम लावला जातो. कर्तव्याच्या बाबतीत मात्र तो क्रम गळून पडतो किंवा कर्तव्यच तिसऱ्यावर जाऊन पडते. ही तफावत शब्द, रूढी, कायदा आणि कादंबरी या चार ठिकाणी कशी दिसते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

१. शब्दांची कुळे

विवाहविच्छेदासाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. 'घटस्फोट' हा आज प्रमाण मानला जाणारा शब्द मुळात विवाहाशी संबंधित नव्हता. धर्मशास्त्रात पतित ठरलेल्या व्यक्तीला जातिबहिष्कृत करताना तिच्या नावाने पाण्याचा घट उलथून वा फोडून ती मृत झाल्याचे मानण्याचा विधी आहे, तो घटस्फोट. 'काडीमोड' हा बहुजन जातींतील व्यवहाराचा शब्द, काडी मोडून संबंध तोडल्याचे पंचांसमोर दाखवणारा. 'फारकत' हा हिशोबाच्या वहीतून आलेला, देणे-घेणे फिटल्याचा कागद सूचित करणारा. 'सोडचिठ्ठी'त चिठ्ठी देणारा आणि घेणारी, असे दोन असमान पक्ष गृहीत आहेत. बहिष्कार, मोडतोड, हिशोब आणि मुक्ती अशी ही चार वेगळी रूपके आहेत. या चारही शब्दांत दोनच माणसे दिसतात. तिसऱ्याची, म्हणजे अपत्याची, खूण त्यांपैकी एकाही शब्दात नाही.

अपत्यासाठी जे शब्द आले ते अन्य क्षेत्रांतून उसने आले. 'ताबा' हा अरबी मूळ असलेला शब्द. त्यातून 'ताबेदार' बनला. अधीनता हा त्याचा गाभा. 'पोटगी' हा मात्र अस्सल मराठी वळणाचा शब्द आहे. पोटापुरते जे द्यायचे ते. शिक्षण, आजारपण, खेळ, सहवास यांपैकी काहीही त्या शब्दाच्या कक्षेत मुळात येत नाही. हिंदीतील 'गुज़ारा भत्ता' या शब्दप्रयोगातही दिवस कसेबसे ढकलण्याचाच अर्थ आहे. 'भरण-पोषण' हा त्याचा शासकीय पर्याय अधिक उदार आहे. हिंदीतील 'अभिरक्षा'त रक्षण आहे हे खरे. तथापि न्यायालयीन कोठडीलाही हिंदीत 'न्यायिक अभिरक्षा'च म्हणतात. मराठीत निदान कोठडी आणि ताबा वेगळे राहिले, एवढाच फरक.

मराठी कायदेविषयक परिभाषेत अल्पवयीन व्यक्तीला 'अज्ञान' म्हणण्याची पद्धत आहे. सातबारा उताऱ्यावर मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' ही अक्षरे आढळतात. त्यांचा विस्तार 'अज्ञान पालनकर्ता' असा होतो. ज्याला कळत नाही असा मालक आणि त्याच्या वतीने वहिवाट पाहणारा पालनकर्ता, असे हे नाते जमिनीच्या संदर्भात नोंदवले गेले आहे. 'पालनकर्ता' हा शब्द आपल्याला पुढे जयपूरच्या एका शासकीय अर्जावर थोड्या वेगळ्या रूपात पुन्हा भेटणार आहे.

२. पाट आणि नाता

हिंदू समाजात घटस्फोट नव्हताच, हे विधान उच्चवर्णीय व्यवहारापुरतेच खरे आहे. बडोदे संस्थानात १९३१ साली, मुंबई प्रांतात १९४७ साली आणि सर्व देशासाठी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची तरतूद झाली. परंतु महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड आणि त्यानंतरचा पाट पूर्वापार रूढ होता. १८२७ साली आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या चालीरीतींचे जे संकलन केले त्यात या व्यवहाराची दखल घेतलेली आहे. पुढे १९५५ च्या कायद्यानेही कलम २९ मध्ये रूढीने मिळणारा विच्छेद मान्य ठेवला.

राजस्थानात या व्यवहाराचे नाव 'नाता'. गुर्जर, भिल्ल आदी अनेक समाजांत विवाहित वा विधवा स्त्री औपचारिक विवाहविधीशिवाय दुसऱ्या पुरुषाच्या घरी राहावयास जाते. आधीच्या पतीला वा त्याच्या कुटुंबाला नव्या पुरुषाकडून रक्कम दिली जाते आणि त्या रकमेलाच 'झगडा' म्हणतात. ती किती असावी हे पंच ठरवतात. गुजरातेत याच रूढीला 'नातरा' म्हणत. पतीच्या संमतीवाचून स्त्रीला असे दुसरे घर करू देणारी जातीची रूढी १८६४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अमान्य केली होती. ही रूढी स्त्रीला नको असलेल्या विवाहातून बाहेर पडण्याचा मार्ग देते, असे तिचे समर्थन केले जाते. त्यात तथ्य आहे. त्याचबरोबर ती स्त्रीची किंमत करते आणि ती किंमत पुरुष एकमेकांना देतात, हेही तितकेच खरे आहे.

येथे आपल्याला महत्त्वाचा आहे तो या व्यवहारातील अपत्याचा भाग. झगड्याची रक्कम पत्नीच्या जाण्याची भरपाई असते. मुलासाठी काय द्यावयाचे, हा प्रश्न त्या हिशोबात नसतो. मूल पितृकुळाचे, ही धारणा इतकी पक्की असते की त्याविषयी वाटाघाटीची गरजच भासत नाही. ते बहुधा पित्याच्या घरी राहते, आणि पितासुद्धा दुसरे घर करतो तेव्हा आजी-आजोबांकडे वा चुलत्यांकडे. अधिकार पितृकुळाचा आणि पोषण म्हातारीच्या चुलीवर, अशी ही विभागणी आहे.

या धारणेमागे प्राचीन वैचारिक आधार आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज आणि क्षेत्र यांची चर्चा येते. पीक कोणाचे, पेरणाऱ्याचे की शेताच्या धन्याचे, असा तो प्रश्न. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला आपल्या पुत्राला घेऊन दुष्यंताच्या सभेत उभी राहते, तेव्हा आकाशवाणी तिची बाजू घेते. परंतु ती घेताना माता ही केवळ भाता आहे आणि पुत्र पित्याचाच होय, असेच सांगते. म्हणजे पित्याने मुलाचा सांभाळ करावा या न्याय्य मागणीला जो आधार मिळतो तो मातेचा हक्क नाकारणारा आहे. ताबा आणि पोटगी यांची गाठ तेव्हापासूनच अशी तिढ्याची आहे.

३. कायद्यातील एक शब्दयोगी अव्यय

स्वातंत्र्योत्तर कायद्याने हा तिढा कसा हाताळला हे पाहताना १९५६ या एकाच वर्षातील दोन कायदे शेजारी ठेवून वाचावेत. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक कोण, याचे उत्तर 'पिता आणि त्याच्यानंतर माता' असे आहे. पाच वर्षांखालील मूल मात्र सामान्यतः मातेकडे असावे, अशी पुस्ती तेथेच जोडलेली आहे. हिंदू दत्तक व पोषण कायद्याच्या कलम २० नुसार अपत्याचे पोषण करण्याचे बंधन हिंदू व्यक्तीवर, मग ती पुरुष असो वा स्त्री, सारखेच आहे. पहिल्या कायद्यात 'नंतर' आहे, दुसऱ्यात तो शब्द नाही. अधिकार देताना माता दुसऱ्या क्रमांकावर आणि भार वाहताना पित्याच्या बरोबरीने. साहित्याच्या अभ्यासकाला ज्याला संहितेतील अंतर्विरोध म्हणण्याची सवय आहे, तो येथे एकाच संसदेच्या एकाच वर्षाच्या भाषेत उभा आहे.

'त्याच्यानंतर' या शब्दाचा अर्थ लावण्याचा प्रसंग न्यायालयावर अनेकदा आला. महाराष्ट्रातून गेलेल्या जिजाबाई विठ्ठलराव गजरे यांच्या प्रकरणात पिता हयात होता, पण वीस वर्षांहून अधिक काळ विभक्त राहत होता आणि मुलीच्या व्यवहारांत त्याने लक्ष घातले नव्हते. शेतजमिनीचा व्यवहार मातेनेच पाहिला होता. अशा परिस्थितीत मातेला नैसर्गिक पालक मानता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली दिला. मुलीच्या पालकत्वाचा प्रश्न येथेही जमिनीच्या वादातून पुढे आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यानंतरचे प्रकरण साहित्याच्या अभ्यासकांना विशेष जवळचे वाटेल, कारण अर्जदार स्वतः कादंबरीकार होत्या. गीता हरिहरन यांनी १९८४ साली आपल्या अल्पवयीन मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी पतीच्या संमतीने अर्ज केला. बँकेने पित्याची सही मागितली. या प्रकरणाबरोबरच पर्यावरणाच्या अभ्यासक वंदना शिवा यांची याचिका ऐकली गेली. ती घटस्फोटाच्या आणि मुलाच्या ताब्याच्या वादातून आलेली होती. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' म्हणजे 'पित्याच्या मृत्यूनंतर' असा अर्थ घेण्याची गरज नाही, तो 'पित्याच्या अनुपस्थितीत' असा घ्यावा आणि अनुपस्थितीत पित्याचे दुर्लक्ष, दूर राहणे, परस्परसंमती अथवा असमर्थता यांचाही समावेश करावा, असा निर्णय दिला. कायद्याची संहिता बदलली नाही; तिचे वाचन बदलले. कालवाचक शब्द परिस्थितिवाचक झाला. तरीही एक मर्यादा राहिली. पिता लक्ष घालणारा असेल तर मातेचा क्रम दुसराच. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात माता-पित्यांना समान स्थान देण्याची आणि संयुक्त ताब्याची शिफारस केली, ती या मर्यादेमुळेच.

ताब्याच्या निर्णयात मुलाचे हित सर्वोच्च, हे तत्त्व कायद्यात आणि निवाड्यांत सुस्थिर आहे. मुले ही मालमत्ता नव्हेत आणि आईवडिलांची खेळणीही नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या रोझी जेकब प्रकरणात बजावले. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे पुरेशी समज असलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते. हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ शक्य तेथे मुलाच्या इच्छेशी सुसंगत आदेश द्यावा असे सांगते. १९८४ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या कुटुंब न्यायालयांकडून वातावरण कमी भीतिदायक असावे अशी अपेक्षा होती. राजस्थानाने अशी न्यायालये सुरुवातीच्या काळातच स्थापन केली. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई येथे ती १९८९ मध्ये आली. परंतु 'हित' हा शब्द कोणाच्या तोंडून उच्चारला जातो, हा प्रश्न राहतोच. माता म्हणते माझ्याकडे हित, पिता म्हणतो माझ्याकडे. आणि ज्याचे हित, तो भाषेच्या दृष्टीने 'अज्ञान'.

पोटगीच्या बाबतीत अडचण अर्थनिर्णयाची नसून वसुलीची आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधील दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ साली काढण्यात आली. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रजनीश विरुद्ध नेहा या प्रकरणाची सुरुवात २०१३ साली झाली आणि निकाल नोव्हेंबर २०२० मध्ये लागला. दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावीत आणि पोटगी अर्जाच्या दिनांकापासून द्यावी, असे त्यात ठरले. सात वर्षे म्हणजे एका मुलाच्या बालपणाचा केवढा भाग, याचा हिशोब कोणत्याही प्रतिज्ञापत्रात मांडता येत नाही.

४. जयपूरचा अर्ज

न्यायालयापर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांचे काय, या प्रश्नाला राजस्थान शासनाने दिलेले उत्तर तौलनिक दृष्टीने फार बोलके आहे. जयपुरातील सामाजिक न्याय व अधिकारिता विभागामार्फत २००५ साली 'पालनहार योजना' सुरू झाली. प्रारंभी ती अनुसूचित जातींतील अनाथ मुलांसाठी होती. पुढे तिच्यात अनेक वर्गांची भर पडली. अनाथ मुलाला संस्थेत न ठेवता नातेवाइकाच्या वा परिचिताच्या घरीच वाढू द्यावे आणि त्या घराला शासनाने दरमहा साहाय्य करावे, अशी ही कल्पना आहे. मूल अंगणवाडीत वा शाळेत जात असले पाहिजे, ही अट. साहाय्याची रक्कम बराच काळ सहा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दरमहा ५०० रुपये आणि त्यापुढे अठराव्या वर्षापर्यंत १,००० रुपये होती. अलीकडच्या वर्षांत ती वाढवण्यात आली.

या योजनेच्या पात्र वर्गांत 'नात्याला गेलेल्या मातेची मुले' असा एक वर्ग आहे. अशा मातेच्या जास्तीत जास्त तीन मुलांना लाभ मिळतो आणि माता नात्याला जाऊन वर्षाहून अधिक काळ झाल्याचा दाखला द्यावा लागतो. दुसरा वर्ग परित्यक्ता आणि घटस्फोटित स्त्रियांच्या मुलांचा. जी रूढी कायद्याच्या पुस्तकात नावाने येत नाही ती शासकीय अर्जाच्या रकान्यात नावानिशी आली, ही लहान घटना नव्हे. पंचांच्या हिशोबात ज्याची नोंद नव्हती त्या मुलाची नोंद अखेर कोणीतरी केली.

तथापि या रकान्यांचे वाचन अधिक बारकाईने केले पाहिजे. माता निघून गेली तर मूल 'नात्याला गेलेल्या मातेचे'. पित्याने कुटुंब टाकले तर मूल 'परित्यक्तेचे'. दोन्ही प्रसंगी वर्गाला नाव मिळते ते मातेच्या स्थितीवरून. निघून गेलेल्या पित्यासाठी मात्र शब्द नाही. योजनेत कपडे, बूट, स्वेटर यांसाठी वर्षाला २,००० रुपयांची तरतूद झाली, तीतून विधवा आणि नात्याला गेलेली माता यांच्या मुलांचे वर्ग वगळलेले होते. कारण प्रशासकीय असेल. वाचणाऱ्याला मात्र त्यात आणखी एक क्रम लावलेला दिसतो.

'पालनहार' हा शब्दही विचार करायला लावतो. मराठीप्रमाणे हिंदीतही तो परमेश्वरासाठी योजला जातो. सातबाऱ्यावरील पालनकर्ता मुलाच्या मालमत्तेवर अधिकार चालवतो. जयपूरच्या अर्जावरील पालनहार मुलाला जेवू घालतो, शाळेत पाठवतो आणि एवढ्याने त्याला कायदेशीर पालकत्व मिळत नाही. घटस्फोटित स्त्री या योजनेत आपल्याच मुलाची पालनहार ठरते. कलम ६ मध्ये 'नंतर' येणारी ती येथे पहिल्या ओळीत आहे. पण ही ओळ कर्तव्याची आहे, अधिकाराची नव्हे. शिवाय पित्याने द्यावयाचे ते राज्य देऊ लागले की पित्याचे देणे विस्मरणात जाते. मुलाच्या दृष्टीने साहाय्य मिळणे अत्यावश्यक आहे, यात शंका नाही. परंतु साहाय्य हे पोटगीची जागा घेणारे नसावे, तिची वाट पाहणाऱ्या मुलाला तोवर सांभाळणारे असावे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळ्या दिशेने तोंड फुटले. १९८८ साली संगमनेर येथे भरलेल्या परित्यक्ता परिषदेने 'टाकलेली' हा अपमानकारक शब्द सार्वजनिक मागणीच्या भाषेत आणला. तेथे स्त्रियांनी स्वतः बोलून आपला प्रश्न मांडला. राजस्थानात शासनाने वर्ग पाडून तो ओळखला. दोन्ही मार्गांना आपापले सामर्थ्य आहे. पण मुलाचा स्वतःचा आवाज दोन्हींत अप्रत्यक्षच राहतो.

५. बंटी कोठे उभा आहे

तो आवाज मिळवण्याचे काम साहित्याने केले. मन्नू भंडारी यांचे बालपण आणि सुरुवातीचे शिक्षण जयपूरपासून जवळच्या अजमेरात झाले. 'आपका बंटी' ही कादंबरी मुंबईहून निघणाऱ्या 'धर्मयुग' साप्ताहिकातून क्रमशः आणि १९७१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. शकुन ही महाविद्यालयाची प्राचार्य, पती अजय कलकत्त्यात, आणि बंटी आईजवळ. घटस्फोट होतो, दोघांचेही पुनर्विवाह होतात, बंटी आईच्या नव्या घरात आणि पुढे वडिलांच्या नव्या घरात सामावू शकत नाही आणि अखेर वसतिगृहाच्या वाटेला लागतो.

या कादंबरीत कोणी खलनायक नाही. पैशाचीही विवंचना नाही. पोटगीचा प्रश्न सुटलेला आणि ताब्याचा प्रश्न सामंजस्याने मिटवलेला असूनही मूल उखडले जाते. कायद्याच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे दिल्यावर जे उरते तेच या कादंबरीचे द्रव्य आहे. निवेदन तृतीयपुरुषी असले तरी बहुतांशी बंटीच्या जाणिवेला बांधलेले आहे; त्यामुळे मोठ्यांचे निर्णय वाचकाला तुकड्यातुकड्यांनी, बंद दारामागच्या बोलण्यासारखे कळतात. न्यायालय ज्याची पसंती विचारू शकते त्याला विचारणे म्हणजे काय, आणि दोघांतून एकाची निवड करावयास सांगणे हाच मुलावर आघात कसा असू शकतो, हे या निवेदनपद्धतीतून समजते.

मराठीत विभावरी शिरूरकर यांनी 'हिंदोळ्यावर' (१९३४) मध्ये पतीने टाकलेल्या स्त्रीच्या मातृत्वाचा प्रश्न घटस्फोटाचा कायदा सर्वत्र उपलब्ध नसताना मांडला. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (पहिला प्रयोग १९६७) मध्ये नाटकातले न्यायालय स्त्रीला जगण्याची मुभा देते आणि तिच्या गर्भाविरुद्ध शिक्षा फर्मावते. न जन्मलेल्या मुलाविषयी सगळे बोलतात आणि त्याच्या बाजूने फक्त बेणारे बोलते. तेही कोणी न ऐकता. या दोन्ही मराठी कृतींच्या केंद्रस्थानी स्त्री आहे आणि मूल तिच्या प्रश्नाचा भाग म्हणून येते. 'आपका बंटी'ने ते केंद्र हलवले, हे तिचे तौलनिक महत्त्व.

या कादंबरीच्या उत्तरचरित्रातही एक न्यायालयीन प्रकरण आहे. तिच्यावर आधारित 'समय की धारा' या चित्रपटात केलेल्या बदलांविरुद्ध, विशेषतः बंटीचा मृत्यू दाखवणाऱ्या शेवटाविरुद्ध, लेखिकेने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. चित्रपटाचे हक्क दिल्यानंतरही कृतीची विकृती रोखण्याचा लेखकाचा विशेष अधिकार उरतो, हे तत्त्व १९८६ च्या त्या निर्णयाने ठामपणे मांडले. हक्क दुसऱ्याकडे गेला तरी नाते संपत नाही आणि त्या नात्याची जबाबदारीही संपत नाही, असा त्याचा आशय आहे. लेखक आणि कृती यांच्याबाबत कायद्याने जे इतक्या स्वच्छ शब्दांत मान्य केले, ते विभक्त माता-पिता आणि अपत्य यांच्याबाबत मात्र प्रत्येक घरी नव्याने सिद्ध करावे लागते.

६. समारोप

वरील विवेचनातून एक गोष्ट पुढे येते. ताबा हा शब्द 'मूल कोणाचे' या प्रश्नाचे उत्तर देतो. पोटगी 'मुलाला किती' याचे. 'मुलाचे कोण' हा प्रश्न मात्र दोन्ही शब्दांच्या बाहेर राहतो. जयपूरच्या अर्जावरील 'पालनहार' हा शब्द त्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातो, कारण तो मुलाच्या बाजूने पाहून माणसाला नाव देतो. त्याला अधिकाराची जोड नाही, ही त्याची उणीव. मराठी परिभाषेत 'ताबा' या शब्दाऐवजी 'सांभाळ' हा आपल्या घरातलाच शब्द रूढ झाला, तर अधिकार आणि कर्तव्य यांची फारकत निदान भाषेपुरती तरी थांबेल. शब्द बदलल्याने पोटगी वेळेवर पोहोचणार नाही, हे उघड आहे. पण न्यायाधीश, वकील आणि भांडणारे आईवडील हे सगळे ज्या शब्दांनी विचार करतात त्या शब्दांची तपासणी करणे हे आपल्या विद्याशाखेचे काम आहे. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला मी त्या दिवशी पुरे उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.